सत्तेचाळीस पानांचा फोटो

रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी आले आणि सहा पन्नासला गेले. तेवढ्या चाळीस मिनिटांत नलिनी राणेने पिण्याच्या पाण्याची दोन पिंपे भरली, कपड्यांचे मशीन लावले, रात्री भिजत घातलेले तांदूळ वाटून घेतले आणि तुळशीला पाणी घालताना खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींवर थेंब पडणार नाहीत एवढी काळजी घेतली. सव्वासातला बिडाच्या तव्यावर पहिले घावन पडले. ते नेहमीप्रमाणे चिकटले आणि नेहमीप्रमाणे तिने ते खरवडून स्वतःच्या ताटलीत घेतले. दुसरे सुटले. आठ वाजता मुलगी रुचिरा उठली, तिने केस वर बांधले, चहाचा कप घेतला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नलिनीचा नवरा घराची कौले परतायला महिनाभर गावी गेला होता, त्यामुळे वर्तमानपत्र आधी कोणी उघडायचे यावरून वाद नव्हता.

टेबलावर आज काम होते. वेळणेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेला साठ वर्षे पूर्ण होत होती. कुडाळच्या पलीकडचे हे गाव दीडशे उंबऱ्यांचे. त्यातली बरीच घरे गिरण्यांच्या काळात मुंबईला आली आणि गिरण्या बंद पडल्यावर मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशी पांगत एकाची तीन-चार झाली. वर्षातून एकदा सगळे एका हॉलमध्ये जमत: सकाळी सत्यनारायण, दुपारी पंगत, संध्याकाळी गावच्याच माणसांनी केलेले दशावतारी नाटक. नलिनी अठरा वर्षे मंडळाची चिटणीस होती. हीरक महोत्सवाची स्मरणिका आज संध्याकाळी पाचपर्यंत भांडुपच्या छापखान्यात पोहोचायची होती, आणि तिच्यात घालायचे एकतीस जुने फोटो काही केल्या पाठवता येत नव्हते, इतके ते अवाढव्य होते.

“एका फोटोला तीनशे चाळीस एमबी,” रुचिरा म्हणाली. “आई, यात काय अख्खं गाव बसवलंय?”

नलिनीने घावन उलटवले. त्या फोटोंचा विषय निघाला की ती हातातल्या कामाकडे पाहू लागे.

तेही कारणाशिवाय नव्हते. १९७२ ते २००२ या एकतीस वर्षांचे मंडळाचे अल्बम होते. २००९च्या पावसाळ्यात त्यांना ओल लागली तेव्हा ते संगणकात घालून ठेवावेत असे ठरले, आणि हे काम धोंडू घाडी यांनी मागून घेतले. गिरणीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस मंडळाच्या जुन्या संगणकासमोर आणि स्कॅनरसमोर चार महिने बसला. काम झाल्यावर अल्बम गावी देवळाच्या माळ्यावर गेले. दोन वर्षांत वाळवीने ते संपवले. त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत, २०१२ साली, धोंडूकाकांच्या फाइली प्रथमच पडद्यावर लावल्या गेल्या. पहिल्या फाइलीत त्या वर्षीचे अध्यक्ष समई लावताना दिसले. दुसऱ्या फाइलीत पुढचे अध्यक्ष समई लावताना दिसले. तिसऱ्या समईला लोक हसले, सातव्या समईला गप्प झाले, आणि एकतिसावी समई लागली तेव्हा हॉलमध्ये ओरडाआरडा सुरू होता. पंगत, नाटक, फुगड्या, बक्षिसे, मेलेली आणि जिवंत सगळी माणसे गेली होती. राहिले होते ते फक्त अध्यक्ष.

धोंडूकाका उठून पडद्याजवळ गेले होते. आपण एकूण एक फोटो घातला आहे, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि हवेत उजवीकडे बोट सरकवत होते. त्या बोटाचा अर्थ कोणालाही लागला नाही. पोरांनी मात्र पुढे कित्येक महिने ती नक्कल केली. काकांना ‘दिवाबत्ती’ हे नाव पडले. सभेने ठराव क्रमांक सात केला, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत नलिनीने स्वच्छ अक्षरात लिहिला: ‘श्री. धोंडू गंगाराम घाडी यांच्या हलगर्जीपणामुळे मंडळाची छायाचित्रे कायमची नष्ट झाली, याबद्दल ही सभा खेद व्यक्त करीत आहे.’ सभेत कोणी हलगर्जीपणा म्हटले नव्हते. सभा ‘चूक’ एवढेच म्हणाली होती. वही चांगल्या भाषेत असावी म्हणून तो शब्द नलिनीने आपल्या पदरचा घातला होता. तेव्हापासून तेरा वर्षे धोंडूकाका मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला आले नव्हते. ते दोन गल्ल्या सोडून राहत आणि मंडईत नलिनी दिसली की कोथिंबीर न घेताच परत फिरत.

रुचिराला यातले थोडेसे ठाऊक होते. ती औषधांच्या खोक्यांचे डिझाइन छपाईपूर्वी तपासणाऱ्या कंपनीत नोकरीला होती आणि गेल्या सहा महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकू लागली होती. नव्याने सायकल शिकलेला माणूस दूध आणायलाही सायकल काढतो, त्याप्रमाणे ती हल्ली प्रत्येक कामाला प्रोग्रॅम लिहीत असे. या फाइली टिफ नावाच्या प्रकारातल्या होत्या आणि तिचे नेहमीचे सॉफ्टवेअर त्या उघडता उघडता अडकून पडत होते. तेव्हा टिफ हाताळणारी एखादी लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता कोड, उतरवून घ्यावी आणि एकतीस समया एका दमात लहान कराव्यात, असे तिने ठरवले. पाच मिनिटांचे काम आहे, असेही ती म्हणाली.

लायब्ररीचे नाव टिफफाइल. रुचिराने काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली आणि अशी वस्तू अस्तित्वात नाही असे उत्तर आले. तिने पुन्हा टाइप केली. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी नलिनी चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली आणि वेबपानावरचे नाव बोटाने मोजून म्हणाली, की यात एफ तीन आहेत, तू दोनच घालते आहेस. चिटणीसपणाचा काही उपयोग होतो तो असा. तिसरा एफ पडताच एक रेघ डावीकडून उजवीकडे धावली आणि लायब्ररी बसली. रुचिराने दोन्ही हात वर केले, जणू ती लायब्ररी तिनेच लिहिली होती.

मग तिने १९७२ची फाइल लायब्ररीच्या हवाली केली आणि सहज, धड्यात तसे होते म्हणून, फाइलीत पाने किती ते विचारले.

उत्तर आले: सत्तेचाळीस.

रुचिराने चहाचा कप खाली ठेवला. आपलेच काही चुकले असे समजून तिने १९७३ची फाइल दिली. एकोणचाळीस. १९७४ची दिली. बावन्न. यानंतर तिने एकतीसही फाइलींची बेरीज मागितली आणि तेराशे अठरा हा आकडा खिडकीत येऊन स्थिर झाला. बेरीज मागणारी मुलगी आणि तवा तसाच ठेवून आलेली आई, दोघी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मागे घावन करपत होते.

“आई, एकेका फाइलीत एकच फोटो नाहीये गं,” रुचिरा हळू आवाजात म्हणाली. “समई फक्त वर आहे. बाकीचे सगळे खाली आहेत.”

अल्बमच्या पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो लावायचा हा गावाचा दंडक होता, आणि प्रत्येक फाइलीचे पहिले पान म्हणजे त्या अल्बमचे पहिले पान. एरवीचे सॉफ्टवेअर तेवढे एकच पान दाखवून थांबत होते. नलिनीने खुर्ची ओढली आणि ती बसली. मग तिने दुसरे पान दाखव म्हणून सांगितले.

रुचिराने दुसरे पान मागितले आणि लायब्ररी अडली. हा मजकूर ज्या पद्धतीने दाबून भरला आहे तो उलगडायला इमेजकोडेक्स नावाचे आणखी एक पॅकेज लागेल, असे तिने लाल अक्षरांत कळवले.

“आता हिला काय हवंय?”

“अजून एक सामान मागतेय.”

“भटजींसारखं आहे हे,” नलिनी म्हणाली. “पाटावर बसल्यावर सांगतात, विड्याची पानं राहिली.”

ते पॅकेज मोठे होते आणि फोनवरचे इंटरनेट रविवार असल्याप्रमाणे वागत होते. दहा टक्के झाले. चौदा झाले. चौदावर ते इतका वेळ थांबले की रुचिराने फोन खिडकीत नेऊन ठेवला, तेथून कपाटावर ठेवला आणि शेवटी डब्यांच्या फळीवर, हळदीच्या डब्याला टेकवून उभा केला. तेथे त्याला एकाएकी जोम आला. शंभर टक्के झाले, रुचिराने पुन्हा आज्ञा दिली, आणि पडदाभर पंगत उमटली. ती उलटी होती. माणसे छताला चिकटून जेवत होती, वाढपी डोक्यावर चालत भाताचे पातेले नेत होता, आणि तरी भात सांडत नव्हता.

नलिनी घाईघाईने उठून टेबलाच्या पलीकडे गेली, म्हणजे तिला फोटो सुलट दिसावा. तेथून तिला लॅपटॉपचे फक्त झाकण दिसले. हे लक्षात यायला तिला दोन क्षण लागले, आणि ते लक्षात आल्यावर ती हसू लागली ती थांबेचना. रुचिरा तिच्याकडे पाहून हसू लागली. करपून गेलेल्या घावनाचा वास घरभर पसरला होता आणि दोघी टेबलाच्या दोन बाजूंना पोट धरून उभ्या होत्या.

फोटो कागदाच्या जुनेपणामुळे वळलेले होते. स्कॅनरचे झाकण लावून ते सपाट होत नव्हते म्हणून धोंडूकाकांनी झाकण उघडे ठेवून प्रत्येक फोटो हाताने काचेवर दाबून धरला होता. त्यामुळे पानागणिक कडेला त्यांची बोटे आली होती: दोन जाड बोटांची पेरे आणि एका अंगठ्याचे काळे पडलेले नख. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर, सत्तेचाळिसाव्या पानावर. नलिनीने तीन-चार फाइलींमधली शेवटची पाने मागून पाहिली. बोटे तिथेही होती. ती पाहताना तिचे हसू थोडा वेळ थांबले.

पण फोटो तिला गंभीर राहू देईनात. रुचिराने सगळी पाने सुटी करून एका फोल्डरात टाकायला सांगितले आणि ती भराभरा येऊन पडू लागली, कोणते आडवे, कोणते उलटे. १९८१च्या नाटकात द्रौपदी झालेला माणूस मनगटावर घड्याळ घालून विंगेत विडी ओढत होता. पहिल्या रांगेत बसून झोपलेले एक गृहस्थ सलग आठ वर्षे त्याच खुर्चीत झोपलेले निघाले, केस मात्र दरवर्षी थोडे पिकत गेलेले. १९८८च्या फुगडीत एकोणीस वर्षांची नलिनी जीभ दातांत धरून गरगरत होती आणि तिची वेणी समोरच्या बाईच्या तोंडात गेली होती. हा फोटो आपण फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार, असे रुचिराने जाहीर केले. लावलास तर तुझे लग्न मोडीन, असे नलिनीने सांगितले. अजून ठरलेही नाही, हे रुचिराने निदर्शनास आणले.

अकराच्या सुमारास मंडळाचे अध्यक्ष राजेश परब यांचा फोन आला. हा सेहेचाळीस वर्षांचा बँकेतला माणूस. त्याचे वडील चार वेळा अध्यक्ष होते, त्यामुळे एकतीसपैकी चार समया त्याच्या घरच्या होत्या. समया कधी जाताहेत, असे तो विचारत होता. नलिनीने सांगायला सुरुवात केली आणि तिच्याने नीट सांगवेना, म्हणून रुचिराने १९८६मधला एक फोटो त्याला पाठवून दिला. वेशभूषा स्पर्धेत नारळाचे झाड झालेला सात वर्षांचा राजेश, डोक्यावर झावळ्या आणि डोळ्यांना धारा. मग राजेशने विचारले, की याची जरा मोठी कॉपी मिळेल काय.

यानंतर तो भराभर निर्णय घेऊ लागला. समयांची पाने कमी करायची, चार पाने या नव्या फोटोंना द्यायची, बोटे कापून टाकायची, आणि मेळाव्यात धोंडूकाकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. नलिनीने ठराव क्रमांक सातचे काय, असे विचारले.

“ते कशाला उकरायचं आता, नलूताई? सही झालेली वही आहे ती. शाल घातली की सगळं झकास होऊन जाईल. लोकांना काय, दोन टाळ्या वाजवायच्यात.”

नलिनीने बरे म्हटले आणि फोन ठेवला. मग तिने साडी बदलली. रुचिराने लॅपटॉप उघडाच हातावर धरला, कारण तो बंद केला तर फोटो परत आत जातील अशी आईला भीती होती, आणि दोघी भर उन्हात दोन गल्ल्या चालून गेल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांना ताटात नैवेद्य नेल्यासारखे जाताना पाहिले आणि वाट दिली.

दार धोंडूकाकांनीच उघडले. एकोणऐंशी वर्षांचे, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात मोडलेली छत्री आणि पक्कड. नलिनीला पाहून ते आत वळण्याच्या बेतात होते. ती एवढेच म्हणाली, “काका, फोटो आत होते.”

“माका म्हायत हा,” काका म्हणाले. “मीच घातलंय.”

त्यांना आश्चर्य वाटलेच नाही, याचे रुचिराला भारी आश्चर्य वाटले. त्यांनी दोघींना बसवले, छत्री भिंतीला टेकवली आणि सांगितले. गिरणीत पॅकिंगला एका गाठीत साठ तागे बांधायचे आणि वरून एकच शिक्का मारायचा, सुटा तागा कधी बाहेर काढायचा नाही, कारण सुटा तागा गेला की हरवला. म्हणून त्यांनी एका वर्षाचे सगळे फोटो एकाच फाइलीत बांधले होते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये तसे बटण होते. मंडळाच्या त्या संगणकावर फोटोच्या बाजूला एक बाण येत असे, तो दाबला की पुढचा फोटो. सभेच्या आधी मंडळाने तो संगणक भंगारात काढला आणि हॉलच्या पडद्यावर फाइल लागली तेव्हा बाण नव्हता.

“मी बाण बघी होतंय,” काका म्हणाले. “खय गेलो तो दिसाक नाय.”

नलिनीला ते हवेत उजवीकडे सरकणारे बोट आठवले. तिने पदराने मान पुसली.

मग रुचिराने लॅपटॉप काकांच्या मांडीवर दिला आणि पुढचे अडीच तास त्या खोलीत कोणाचेही कोणावर नियंत्रण राहिले नाही. काकांना एकूण एक माणूस ओळखता येत होता. झोपलेले गृहस्थ त्यांचे सख्खे मेहुणे निघाले. त्यांना अध्यक्ष व्हायचे होते आणि दरवर्षी निकाल कळेपर्यंत ते जागत नसत. द्रौपदीला सात मुलगे झाले. उलट्या फोटोंसाठी काका लॅपटॉपच उलटा धरू लागले आणि तो पडद्यासकट मिटला तेव्हा त्यांची कवळी सैल होईपर्यंत हसले. ती हातात धरून ते उरलेले हसले. सून बाहेरून आली तेव्हा तिला आपला सासरा असा हसतो हे नव्याने कळले, आणि ती भाजीची पिशवी घेऊनच बसली.

निघताना नलिनीने सत्काराचे सांगितले. काकांनी कवळी बसवली आणि नम्रपणे नाही म्हटले. शाली त्यांच्याकडे तीन होत्या, आणि मुंबईत थंडी कुठे असते.

“काका, मग आम्ही काय करू?”

ते थोडा वेळ पक्कड उघडझाप करत राहिले.

“निहार आता कमिटीत येवचो म्हणता,” ते म्हणाले. निहार त्यांचा नातू. पुढच्या महिन्यात तो सहचिटणीस होणार होता. “मग ती वही त्येच्या हातात जातली. तू लिवलंस ता तसाच रवतला?”

वाटेत रुचिरा फोटोंविषयी बोलत राहिली आणि नलिनी हुंकार देत राहिली. तिला नियम ठाऊक होते: सही झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड करता येत नाही, ठराव मागे घ्यायचा तर सभा लागते, आणि सभेपुढचे विषय अध्यक्ष ठरवतात. पण स्मरणिका चारशे घरांत जाणार होती आणि वहीच्या आधी निहारच्या हातात पडणार होती.

पावणेतीनला घरी आल्यावर तिने करपलेला तवा घासला. त्याला वेळ लागला. मग ती लॅपटॉपपाशी बसली. रुचिराने बारा फोटो निवडून सुलट केले होते आणि त्यांच्या कडा कापण्याची तयारी चालवली होती. नलिनीने स्मरणिकेतले ‘चिटणिसांचे मनोगत’ हे पान उघडले. दोन आठवड्यांपूर्वी ते तिनेच लिहिले होते. त्यात शेवटी आपल्या अठरा वर्षांच्या सेवेबद्दल एक परिच्छेद होता, आणि तो चांगला जमला होता. तो तिने पुसला. तेवढ्या जागेत तिने दोन बोटांनी, अक्षरे शोधत शोधत, हे लिहिले:

‘या अंकातील छायाचित्रे श्री. धोंडू गंगाराम घाडी यांनी २००९ साली एकट्याने जतन केली. ती सर्व, तेराशे अठरा, सुरक्षित आहेत. ती आम्हांला उघडता आली नाहीत. २०१२ सालच्या ठराव क्रमांक सातमध्ये त्यांच्याविषयी वापरलेला हलगर्जीपणा हा शब्द सभेचा नव्हता. तो मी लिहिला. तो खोटा होता. त्याबद्दल मी श्री. घाडी यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागते. – नलिनी राणे, चिटणीस.’

रुचिराने ते वाचले. ती एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलते. आता तिने फक्त विचारले, की राजेशदादाला दाखवायचे का.

“थेट छापखान्याला पाठव,” नलिनी म्हणाली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी सगळे छापखान्याकडे गेले आणि मिळाल्याचा निरोप आला. नलिनीने राजेशला कळवले, की मजकूर वेळेत पोहोचला. त्याने अंगठा पाठवला आणि नारळाचे झाड नक्की घेतले ना, असे विचारले. घेतले आहे, असे तिने लिहिले, आणि फोन बाजूला ठेवून ती उद्याचे तांदूळ निवडायला बसली.